अंगठ्याला हळद

मानवी संस्कृतीचा सगळा डोलारा उभा आहे तो माणसाच्या अंगठ्यावर. बाकीच्या चार बोटांसमोर अंगठा ठामपणे येऊन उभा राहिला, म्हणून माणसाने दगड उचलला, कुऱ्हाड पेलली, नांगर धरला, लेखणी चालवली आणि शेवटी चंद्रावर जाणारी यानं जोडली. अंगठा नसता तर आपण सगळे अजून झाडावरच असतो.

हडपसरच्या सूरज हरपळेने हा अंगठा एका रविवारी दुपारी, आलं-लिंबासकट, उसाच्या चरकात घातला.

तसा मुलगा हुशार. आठवडाभर खराडीच्या एका कंपनीत तो दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा. पुण्यात हे काम लोक फुकट करतात, त्याला त्याचा पगार मिळायचा. रविवारी वडील, जयसिंगराव, लोकांच्या लग्नाला जात आणि सासवड रस्त्यावरची घरची रसवंती सूरज सांभाळी. त्या दुपारी उजव्या हाताने तो दुमडलेला ऊस चरकात सारत होता आणि डाव्या हाताने एका मित्राच्या साखरपुड्याच्या फोटोखाली व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा टाकत होता. दोन्ही अंगठे एकदमच गेले. त्यातला व्हॉट्सअ‍ॅपवरचा तेवढा डिलीट करता आला असता.

चरकाला बांधलेले घुंगरू त्यानंतरही थोडा वेळ वाजत राहिले.

कॅम्पाच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात डॉ. पूर्वा जगदाळेंनी तो हात वाचवायला घेतला. त्या प्लास्टिक सर्जन आहेत असं कळल्यावर सूरजची आई बायडाबाई यांनी, "प्लास्टिकचा नगं बाई, हायेत तीच बोटं बसवा," अशी हात जोडून विनंती केली. बसवली तीच. मोडलेली हाडं तारांनी जुळवली. सालटं निघून लोंबत असलेल्या अंगठ्याला पायातली शीर काढून जोडली, तीसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने. दुपारी आत गेलेल्या जगदाळे मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांना स्वतःचीच मान वळवता येत नव्हती. पण अंगठा गुलाबी दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तो जांभळा पडायला लागला.

संध्याकाळी हडपसरच्या उड्डाणपुलाखाली जे होतं तेच अंगठ्यात झालं होतं. येणारे येत होते, जाणाऱ्यांना वाट नव्हती. धमनीने रक्त आत येत होतं. पण चिरडलेल्या बारीक शिरांमधून ते बाहेर पडेना. तुंबलेलं रक्त कुणीतरी काढून घ्यायला हवं होतं, नव्या शिरा फुटेपर्यंत, रोज, हळूहळू, इजा न करता. हे काम जगात एकच प्राणी नीट करतो. जगदाळे मॅडमनी वारज्याला फोन लावला.

वारज्याला वैद्य राजनंदिनी गावंडे जळवा पाळत असे.

नाव राजनंदिनी आणि हाताखाली जळवा, यावर वर्गातल्या मुलांनी करायचे ते सगळे विनोद करून झाले होते. आजवर तिने जळवा लावल्या त्या मुरमांना, नायट्यांना, सुजलेल्या गुडघ्यांना. तिथे गुण आला नाही तर माणूस दुसऱ्या वैद्याकडे जातो. पण अंगठा गेला तर कुठे जाणार? स्कूटरच्या हुकाला डब्याची पिशवी अडकवून, प्रत्येक गतिरोधकावर जीव मुठीत धरून ती कॅम्पापर्यंत आली. जळवांना धक्के सोसत नाहीत. त्या रुसतात.

खोलीच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या बायडाबाईंनी पिशवी पाहिली आणि जेवणाचा डबा आला म्हणून त्या उठल्या.

"आलीस व्हय गं? लई येळ लावलास. काय हाय आज डब्यात?"

"जळू."

"अळू?" बायडाबाईंनी जरा विचार केला. "चालंल. पर खाजरं न्हाई ना? त्याचा घसा लगीच धरतो."

"मावशी, अळू नाही. जळू. जिवंत आहेत."

आतून कुणीतरी हसलं. हसता हसता कण्हलं.

"मॅडम, हसवू नका ना… ठणकतं."

राजनंदिनी आत गेली. पलंगावर दाढी वाढलेला एक मुलगा, उजवा हात उशांच्या ढिगावर उंच ठेवलेला. डोळे हसरे, पण झोपेविना लाल झालेले. ती हसणार होती. मग तिने अंगठा पाहिला. पिकलेल्या जांभळाचा रंग होता तो. हसू ओठांवर आलं होतं तिथूनच परत गेलं.

खोलीत उकडत होतं. सूरजने तक्रार सांगितली. "एसी बंद, चहा बंद, कॉफी बंद. थंडी, चहा, भीती… कशानेही रक्तवाहिन्या आकसतात म्हणे. मला धक्का बसेल असं कुणी काही बोलायचंसुद्धा नाही. तुम्हालाही सांगितलं असेल?"

"सांगितलंय."

"मग आता सांगा. वाचेल ना अंगठा?"

राजनंदिनीने डब्यातली बरणी काढून झाकण उघडलं. चिमट्यात जळू धरली. ती अंगठ्यावर टेकवली.

"हलू नका," ती म्हणाली.

जळवेने अंगठ्यावर एक फेरी मारली, थांबली, आणि धरली. तिच्या अंगावरून बारीकशी लाट गेली. पिऊ लागली.

"दुखलं?"

"कळलंच नाही." तो छताकडे बघत म्हणाला. "म्हणजे… तो माझा आहे का, तेच अजून कळत नाहीये."

जळू लावली की ती सुटेपर्यंत जवळ बसावं लागतं, नाहीतर ती भलतीकडे जाऊन चिकटते. त्यामुळे राजनंदिनीला अंगठ्यावरून नजर काढता येत नव्हती, आणि सूरजला अंगठ्याकडे बघवत नव्हतं. मग तो तिच्याकडे बघत बसला. प्रेम पुष्कळदा असं, दुसरीकडे बघायला जागा नसल्यामुळे सुरू होतं.

पुढे ती सकाळी यायची, दुपारीही यायची. सूरजने तिला आपल्या कंपनीतल्या साहेबांच्या नकला करून दाखवल्या. तिने त्याला सांगितलं की तिचं घराणं मूळचं अकोल्याचं. पुण्यात आल्यावर तिच्या वडिलांना पहिलं वर्ष फक्त इथल्या लोकांचं बोलणं मनाला न लावून घेण्यात गेलं.

"पण तुम्ही तर अगदी पुण्याच्या झालात," सूरज म्हणाला.

"कशावरून?"

"आल्यापासून एकदाही 'कसं वाटतंय' असं विचारलं नाहीत."

"ते जगदाळे मॅडमनी विचारायचं. पेशंट त्यांचे आहात."

"आणि तुमचा कोण मी?"

"माझ्याकडे तुम्ही जेवण म्हणून लागता."

तो इतका हसला की नर्स येऊन रागावून गेली. राजनंदिनीने खाली मान घालून अंगठ्याकडे लक्ष ठेवलं… पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्यावर लक्ष ठेवायला दुसरं कुणीतरी होतं.

"समजा, हिने सोडलंच नाही तर?"

"पोट भरलं की सुटते. घाई असेल तर चिमूटभर हळद. हळद लागली की जळू सोडून पळते."

"माणसांचं उलटं," सूरज म्हणाला. "हळद लागली की आयुष्यभर धरून बसतात."

"हलू नका."

"हललो कुठे?"

"मग बोलू नका."

"बोलणं बंद असं मॅडम म्हणाल्या नाहीत. उद्या याल ना? आणि 'नाही' म्हणताना विचार करा हं… माझ्या रक्तवाहिन्या आकसतात."

घरी जळवांचं पाणी बदलताना राजनंदिनीच्या एकदा ध्यानात आलं, की सगळ्यात उपाशी, सगळ्यात चपळ जळू आपण रोज त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवतो आहोत. कुणी कुणासाठी पुरणपोळ्यांतली तूप लावलेली बाजूला ठेवतं. तिच्याकडे हेच होतं. आणि स्कूटरवरून जाताना एकच विचार असायचा. आज रंग कसा असेल? जांभळाचं कोकम झालं होतं. पण कोकमाचं गुलाबी व्हायला हवं होतं, आणि ते होत नव्हतं. जगदाळे मॅडम टाचणीने टोचून पाहायच्या आणि काहीच न बोलता निघून जायच्या. ते न बोलणं राजनंदिनी घरी घेऊन जायची.

मग ती दुपार आली. आभाळ काळं होऊन राहिलं होतं, आणि पडत काही नव्हतं. राजनंदिनीने जळू लावली. जळू अंगठ्याला टेकली आणि गळून खाली पडली.

तिने पुन्हा लावली. पुन्हा तेच. दुसरी काढली. तिने तर टेकायच्या आधीच तोंड फिरवलं. तिसरी अंगठा सोडून तिच्या हातमोज्यावर चढायला लागली.

"जेवून आल्यात वाटतं," सूरज म्हणाला.

ती हातमोज्यावरून जळू सोडवत राहिली.

"मॅडम?… अहो, काहीतरी टोमणा मारा की."

जळवा पाळणाऱ्याला एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात : जळू मेलेल्या अंगाला तोंड लावत नाही.

जगदाळे मॅडम आल्या. टोचलं. बराच वेळ काहीच नाही. मग एकच थेंब, काळपट, मागून घेतल्यासारखा. मॅडमची एक सवय होती. चांगलं आणि वाईट त्या एकाच आवाजात सांगत.

"संध्याकाळी थिएटरमध्ये घेते. उघडून बघते. रक्त खेळताना दिसलं तर ठीक. नाहीतर बाकीचा हात वाचवायचा तर अंगठा ठेवता येणार नाही. सूरज, समजलं?"

सूरजने मान हलवली. मॅडम निघाल्या तशी तो म्हणाला, "मॅडम, माऊस डाव्या हाताने चालवता येतो ना…" आणि वाक्याच्या शेवटाला त्याचा आवाज फुटला.

मॅडम दारात थांबल्या. "येतो," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज वेगळा लागला.

राजनंदिनीचं तिथलं काम संपलं होतं. बरणीला झाकण लावायचं आणि जायचं, एवढंच. पण पाय निघेनात. ती अंगठ्यावर वाकली. आजवर कधी गेली नव्हती इतक्या जवळ. बीटाडीनचा वास. स्पिरिटचा वास. आणि त्याखाली, अगदी हलका, आणखी एक वास…

तिने चमकून नखाच्या कडेला पाहिलं. बीटाडीनचा पिवळेपणा तपकिरीकडे झुकतो. त्या तपकिरीत लपून बसलेला हा पिवळा वेगळाच होता. तिने पांढरी पट्टी ओली करून हलकेच टेकवली. पट्टी लख्ख पिवळी झाली.

"सूरजला हळद कुणी लावली?" राजनंदिनी ओरडली.

व्हरांड्यातून बायडाबाई धावत आल्या.

"काय बोलतीस पोरी! कसली हळद? अजून पोरगीच मिळंना त्याला! आयटीतला म्हणून बघाया येत्यात आन् रसवंती बघून माघारी जात्यात!"

"मावशी, ती हळद नाही हो! ही! अंगठ्याची!"

बायडाबाईंचा हात तोंडाकडे गेला.

"ती… ती हळद न्हाई बाई. त्यो भंडारा हाय. खंडोबाचा. ह्याचं वडील सकाळी जेजुरीस्नं घिऊन आलं. पोरगं झोपलं हुतं. म्हटलं, समद्यांची औषधं चालल्यात, देवाचं बी चिमूटभर असूं द्या…"

"मावशी, भंडारा म्हणजे हळदच ना!"

"हळद सैपाकातली. देवाचा भंडारा म्हंजे…" बायडाबाई थांबल्या. पोराचा चेहरा पाहिला, पोरीचा पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. "माझ्यामुळं गेला का गं त्याचा अंगठा?"

राजनंदिनीला 'नाही' म्हणता आलं नाही, कारण तिला ठाऊक नव्हतं. तिने सलाइनने अंगठा धुवायला घेतला. एक एक घडी, नखाची कड, टाक्यांच्या बाजू. पट्टी पिवळी होत होती, मग फिकट, मग आणखी फिकट.

"आई, रडू नको," सूरज म्हणाला. "माझ्या आकसतात."

कुणीच हसलं नाही. तोसुद्धा.

राजनंदिनीने ती बाजूला काढून ठेवलेली, सगळ्यात उपाशी जळू पुन्हा घेतली. टेकवली.

जळवेने डोकं उचललं. लक्ष्मी रस्त्यावर साडी घ्यायला आलेल्या बाईसारखी ती अंगठाभर फिरली, सगळं चाचपून पाहिलं, काहीच पसंत पडलं नाही, आणि निघाली. मनगटाच्या दिशेने, जणू पार दुकानाच्या दारापर्यंत, गेली. बायडाबाईंनी डोळे मिटून येळकोट पुटपुटायला सुरुवात केली.

आणि जळू दारातून परत फिरली. नखाच्या कडेशी आली. थांबली. धरलं.

"धरलं का? मॅडम, धरलं का?" सूरज उठायला लागला.

"हलू नकोस!"

तो जागच्या जागी थिजला. जळवेच्या अंगावरून ती बारीकशी लाट गेली… मग आणखी एक. पीत होती. मेलेल्या अंगाला जळू तोंड लावत नाही.

राजनंदिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तशी तिने घाईने मान बाजूला वळवली आणि चेहरा स्वतःच्याच खांद्यावर पुसला. आसवं खारट असतात, आणि मीठ तर जळवेला हळदीहून वाईट. वैद्याला रडायचं झालं तरी पथ्य पाळून रडावं लागतं.

जगदाळे मॅडमनी संध्याकाळचं थिएटर रद्द केलं नाही, सकाळवर ढकललं. अँटिबायोटिक वाढवलं. जखमेवर बाहेरचं काही लावण्याबद्दल बायडाबाईंना त्यांनी जे ऐकवलं ते जेजुरीपर्यंत ऐकू गेलं असावं. बायडाबाईंनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, की कपाळाला लावला तर चालंल का. कपाळाला परवानगी मिळाली.

सकाळी टाचणी टोचली तेव्हा थेंब वाट पाहायला न लावता आला. काळपटच, पण आला, आणि थिएटर रद्द झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तो लाल होता. मग एका सकाळी राजनंदिनी आली तेव्हा कोकमाचं गुलाबी झालेलं होतं.

"नव्या शिरा फुटल्या," जगदाळे मॅडम म्हणाल्या. "जळवा बंद. राजनंदिनी, उद्यापासून तू सुटलीस."

खोलीत सगळ्यांना आनंद झाला. दोघांना जरा कमी झाला.

मॅडम गेल्या. बायडाबाई "म्या काय ऐकत न्हाई" असं आपण होऊन जाहीर करून पडद्यापलीकडे जाऊन बसल्या. राजनंदिनी उगीचच बरणी पुसू लागली.

"कडेला जरा निळा वाटतोय का हो?" सूरजने विचारलं.

"नाही."

"नीट बघा ना. आतल्या बाजूला."

"गुलाबी आहे."

"सगळा?"

"सगळा."

"वाईट झालं," तो म्हणाला.

राजनंदिनीने बरणी खाली ठेवली.

"अजून खूप आहे पुढे," ती म्हणाली. "आतले स्नायूंचे दोर जोडायचं ऑपरेशन आहे. मग कित्येक महिने व्यायाम. पूर्वीसारखा वाकेलच असं नाही. पेन धरताना, बटण लावताना…"

"मॅडमनी सांगितलंय. दिवसा मी जोक करतो हो. पण भीती वाटते."

"मलाही."

"तुम्हाला कसली? तुमच्या जळवा जेवल्या, तुम्ही सुटलात."

ती खिडकीकडे बघू लागली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी होती.

"त्या दिवशी तुम्ही मला 'हलू नकोस' म्हणालात," सूरज हळूच म्हणाला. "रोज 'हलू नका' असायचं."

"घाईत म्हणाले असेन."

"तेच म्हणतोय. घाईत माणूस खोटं कधी बोलणार?… सुचायला तर वेळ लागतो."

राजनंदिनीचे कान पुन्हा लाल झाले. ती पलंगाच्या कडेला बसली. आजपर्यंत त्या हाताला तिने हातमोजे घालून स्पर्श केला होता. आज तिने त्याचा दुसरा हात, डावा, धडधाकट, आपल्या दोन्ही हातांत घेतला. हातमोज्यांशिवाय.

"उद्या मी जळवा न घेता आले तर चालेल का?" तिने विचारलं. मग थांबून, धीर करून : "म्हणजे… तुला?"

सूरजने मान हलवली, जोरात, दोनदा. ओठ मिटून घेतले. डोळ्यांत पाणी तरळलं. चेहऱ्यावर असं काहीतरी उमटलं होतं, की आता या मुलाच्या तोंडून जे निघेल ते आपल्याला जन्मभर पुरेल, अशी राजनंदिनीची खात्री झाली.

"बोल ना," ती कुजबुजली.

"राजनंदिनी…" तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं.

"हं?"

"एक मागायचंय. कसं मागू तेच कळत नाही… तू काय म्हणशील."

पडद्यापलीकडे बायडाबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"माग."

"आधी सांग, हात सोडणार नाहीस."

"नाही सोडणार."

"अगदी नाही ना? कारण तो हात उशीवर बांधलेला, हा तुझ्याकडे, आणि मला हा सोडवून घ्यायचा नाहीये…" त्याने डोळे घट्ट मिटले. "जरा नाक खाजवतेस का?"